ठिणगी विरुद्ध निवांत

३ मार्च, मंगळवार

आज मला आखाड्यात ताकीद मिळाली. शेहेचाळीस वर्षांच्या, दोन दवाखान्यांच्या कवळ्या एकहाती करणाऱ्या बाईला ताकीद.

निमित्त असं. मी लिहिलं, ‘ठिणगीचा सुरा त्याच्या खांद्यात घुसला आणि तो कळवळून कोसळला.’ लगेच पंचबाईंचं उत्तर आलं: ‘सुरा तुम्ही फेका. लागला का, आणि कोसळायचं का, ते समोरचा लिहील.’

आखाड्याबद्दल इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी ही वही वाचून मला वेड लागलं होतं असं वाटायला नको. आखाडा ही संगणकावरची जागा आहे. तिथे माणसं नुसत्या शब्दांनी लढतात. चित्रं नाहीत, आवाज नाही. प्रत्येकाचा एक लढवय्या असतो. आपल्या पाळीला लिहायचं की आपला लढवय्या काय करू पाहतोय. समोरचा त्याच्या पाळीला लिहितो की वार लागला, चुकला की चाटून गेला, आणि मग तो काय करू पाहतो. चोवीस तासांत पाळी लिहिली नाही तर हार. कोण खरा कोण, कुणालाच ठाऊक नसतं. सगळा खेळ इमानावर चालतो.

माझी ठिणगी. दोन आखूड सुरे, तोंड सुटलेलं, पाय वाऱ्यावर. कवळी भट्टीत शिजायला दीड तास लागतो आणि तेवढा वेळ मला घरातल्या वरच्या खोलीत, माझ्या कामाच्या जागी, करण्यासारखं काही नसतं. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने जानेवारीत नाद लावला, तो लागलाच.

जेवताना ताकिदीचं सांगितलं तर नवरा हसत सुटला. म्हणाला, “पंचबाईंना घरी बोलावू या का? इथेही ताकिदीची गरज आहे.”

काय बोलतो कोण जाणे. लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर खड्ड्यात वाकून माणसाचं डोकं फिरत असावं. मी लक्ष दिलं नाही. बाबांना भाजी नको होती, ती मी त्याच्या ताटात वाढली.

४ मार्च, बुधवार

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्म तारखात्यात गेला, त्यामुळे माणसांशीही तारेतच बोलतात. ‘चहा.’ ‘बरं.’ ‘पाऊस येईल.’ सासूबाई होत्या तोवर त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. नवऱ्याने त्यांना टॅब्लेट आणून दिला, त्यावर दिवसभर पत्ते लावत बसतात. बिचारे. करमणूक तरी होते.

त्यांची नवी कवळी मीच केली. माप मी घेतलं, मेण मी लावलं, रंग असा जुळवला की डॉक्टरांनीही वाहवा केली. उत्तम बसते. तरी ती पेल्यात पडून असते. काल शेजारीण विचारत होती, “आजोबा, कवळी कशी आहे?” मी सांगितलं, “छान बसते त्यांना.” बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे छानच बसत असणार.

७ मार्च, शनिवार

स्पर्धेत सोळा जण होते, आता चार उरले. त्यातली एक मी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अरे वा,” आणि स्वतःच्या बापाकडे बघून हसला. यात हसण्यासारखं काय?

उरलेल्यांत ‘निवांत’ नावाचा एक लढवय्या आहे. हातात लांब काठी, पायात घाई नाही. याच महिन्यात आखाड्यात आला आणि थेट इथवर पोचला. इतकं कमी लिहितो की सांगता सोय नाही. इतर लोक दोनशे शब्द खर्च करतात, चंद्र काय, रक्ताचे थेंब काय. हा लिहितो: ‘काठी आडवी. वार अडला. पाऊल मागे. वाट पाहतो.’ माझी खात्री आहे, पंचवीस-सव्वीसचा पोरगा असणार. व्यायामशाळेत जाणारा. आजकालच्या पोरांना लिहायचा कंटाळा.

आज जेवताना बाबांनी एकदम विचारलं, “लांब काठी आहे. माणूस अगदी जवळ आला. काय करायचं?”

आमच्याकडे कोण काठी घेऊन येतंय? मी म्हटलं, “जवळ आल्यावर काठी काय कामाची? टाकून द्यायची न् धरायचा त्याला.”

“बरं,” म्हणाले. मान हलवत उठले. सासऱ्यांना कधी काय सुचेल, सांगता येत नाही.

९ मार्च, सोमवार

काय डोकं आहे त्या निवांतचं! उपांत्य लढतीत समोरचा कट्यार घेऊन त्याच्या छातीशी भिडला होता. आम्ही सगळे पाहणारे म्हणत होतो, संपला. निवांतने लिहिलं: ‘काठी सोडली. दोन्ही हात मोकळे. मनगट धरू पाहतो.’ समोरचा बावचळला. त्यानेही इमानाने लिहिलं की मनगट सापडलं. तिथेच निकाल.

मी जेवताना सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, “याला म्हणतात बुद्धी. असं आपल्याला सुचत नाही.” बाबांना ठसका लागला. पाणी दिलं.

माझीही लढत मी जिंकले. तीही सरळ, ताकिदीशिवाय. म्हणजे अंतिम लढत ठिणगी विरुद्ध निवांत.

११ मार्च, बुधवार

अंतिम लढतीचे नियम आले. दोनदा वाचले.

ही लढत पणाची. जो हरेल त्याचा लढवय्या पटावरून कायमचा पुसला जातो. पुन्हा यायचं तर नव्या नावाने, नव्या माणसाने. आपल्या लढवय्याचं पडणं हरणाऱ्याने स्वतः लिहायचं. जिंकणाऱ्याला एकदाच जीवदान देऊ करता येतं, पण ते घ्यायचं की नाही हे पडलेल्याचं. त्यालाही चोवीस तासच.

आणि मर्माची चिठ्ठी. लढतीआधी दोघांनी पंचबाईंकडे एकेक बंद चिठ्ठी पाठवायची, त्यात आपल्या लढवय्याचं मर्म लिहायचं, म्हणजे अशी एक जागा जिथे वार पोचला की तो पडलाच. तिथे बचाव नाही. वाद झाला तरच पंचबाई चिठ्ठी उघडतात, नाहीतर लागलं म्हणून ज्याचं त्याने कबूल करायचं.

नवरा म्हणतो, शब्दांची बाहुली ती, पुसली तर पुसली. त्याला काय कळणार. ठिणगी धावते. ठिणगी कौलांवरून उड्या मारते. मी वरच्या खोलीच्या सतरा पायऱ्या चढताना तीनदा थांबते. जानेवारीपासून माझ्या दिवसातले दोन तास असे आहेत की ज्यांत मी कुठेच थांबत नाही. ते गेले तर मला फार वाईट वाटेल, एवढं खरं.

मर्म काय लिहावं? पुष्कळ विचार केला. शेवटी खरं तेच लिहिलं: डावा गुडघा.

१२ मार्च, गुरुवार

निवांतचे जुने डाव अभ्यासते आहे. एक गोष्ट ध्यानात आली. वार कुठे लागला, किती लागला हे समोरचा लिहितो, तेव्हा निवांत ते बारकाईने वाचतो आणि पुढचा डाव त्यावरच रचतो. आपल्याला काय वाटतं त्यावर नाही. मी नेमकी उलटी. मी स्वतःच्या मनातल्या वारावर पुढचा वार रचते आणि तोंडावर आपटते.

हा विचार डोक्यात असतानाच सकाळी बाबांना चहा द्यायला गेले. कवळी पेल्यात. सवयीने म्हणणार होते, “घाला ना, छान बसते.” तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि विचारलं, “बाबा, कुठे टोचते का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. म्हणाले, “खाली. डावीकडे, अगदी मागे. चावताना सुई टोचल्यागत होतं. चार महिने झाले.”

एका दमात एवढे शब्द त्यांच्या तोंडून मी लग्नात ऐकले होते, तेही फोटोवाल्याला.

चार महिने! मी वर नेऊन बघितली. मागच्या कडेला प्लॅस्टिकचा एक दाणा राहिला होता, बोटाला लागेल न लागेल एवढा. घासून गुळगुळीत केला, पाच मिनिटांचं काम. दुपारी त्यांनी पाव कडेसकट खाल्ला. मी काही बोलले नाही. मनात स्वतःला मात्र पुष्कळ बोलले.

१४ मार्च, शनिवार

लढत सुरू. जागा: जुनी गिरणी, लाकडी जिना, पिठाची धूळ.

मी पहिल्याच पाळीत दोन सुरे, तीन उड्या आणि भरपूर शिव्या. निवांतने लिहिलं: ‘एक सुरा काठीत रुतला. दुसरा बाहीला. रक्त थोडं. उडी सुंदर.’

उडी सुंदर! लढता लढता शत्रू दाद देतो. मला तर हसूच आलं. त्याला लागलं तेही त्याने मान्य केलं, मी असते तर बाही वाचवली असती.

याच्या पाळ्या दुपारी साडेतीन ते चारच्या मध्येच येतात, घड्याळ लावून घ्यावं. बहुधा व्यायामशाळा सकाळी, दुपारी झोप काढत असेल. बाबांसारखाच.

१६ मार्च, सोमवार

इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. काल ठिणगी म्हणाली, ‘काय रे, काठी टेकायला आणलीस की मारायला?’ निवांत: ‘दोन्ही. वय बघून ठरवतो.’ आज पिठाच्या पोत्यामागे लपले, तर त्याने मला शोधलं नाही, पोत्यावर बसून राहिला. माझीच पंचाईत. मेण वितळून ओघळलं तरी मला शुद्ध नव्हती.

बाबा खालच्या खोलीत एकटेच हसत होते. पत्त्यांत हसण्यासारखं काय असतं?

१७ मार्च, मंगळवार

तीन चाळीसला पाळी आली. जशीच्या तशी उतरवते: ‘ठिणगी जिना चढते आहे. डावा पाय टाकताना कठड्याला हात लावते. काठी खालून. डावा गुडघा.’

मी माझ्या सगळ्या पाळ्या पुन्हा वाचून काढल्या.

मी एकाही पाळीत लिहिलेलं नाही की ठिणगी कठड्याला हात लावते. ठिणगी लावतच नाही. तिला कठडा ठाऊक नाही.

मर्म लागलं. हे फक्त मला आणि पंचबाईंना माहीत. मी वाद घातला नाही तर चिठ्ठी उघडणार नाही. मी ‘काठी हुकली’ असं लिहिलं तर जगात कुणालाही कळणार नाही. लिहिलंसुद्धा. वाचून बघितलं. फार छान जमलं होतं, ठिणगी एका हाताने तुळईला लटकते वगैरे.

मग पुसलं. माझा मला राग आला.

१८ मार्च, बुधवार

काल पुसण्याएवढी शहाणी होते, आज नव्हते. सकाळी उठून पंचबाईंना लिहिलं: ‘मर्म लागलं, कबूल. पण त्याला कळलं कसं? चिठ्ठी फुटली आहे. तुमच्याकडूनच फुटली असणार.’ पाठवल्यावर वाटलं, जरा जास्त झालं. पण बाण सुटला होता.

पंचबाईंचं उत्तर शांत होतं. ‘चिठ्ठी बंद आहे. वाद आला म्हणून आता उघडते आणि निवांतना विचारते.’

त्याचं उत्तर यायला साडेतीन वाजावे लागले नाहीत. अकरालाच आलं, सगळ्यांना दिसेल असं:

‘चिठ्ठी फुटलेली नाही. वार मागे घेतो. हा गुडघा आखाड्यात पाहिला नव्हता. बाहेर पाहिला होता. लिहिताना हुशारी वाटली. पाठवल्यावर कळलं, चोरी आहे. पंचबाईंना दोष नको. दंड मान्य.’

आखाड्याबाहेरची माहिती आत वापरायची नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. दंड म्हणजे त्याची एक पाळी बाद, माझ्या सलग दोन. आणि मनं निवावीत म्हणून पंचबाईंनी माझ्या पाळीला रविवारपर्यंत मुदत दिली.

मी पंचबाईंची माफी मागितली. त्यांनी लिहिलं, ‘सवय आहे.’ त्याने जास्तच लागलं.

तो गप्प बसला असता तर मी पडलेच होते. जिंकलेला डाव त्याने आपण होऊन परत दिला. असं मला जमलं असतं का, ठाऊक नाही.

१९ मार्च, गुरुवार

पण ‘बाहेर पाहिला’ म्हणजे कुठे? म्हणजे निवांत मला ओळखतो! माझा गुडघा कुणाकुणाला माहीत आहे, त्यांची यादी केली. दवाखान्यातला कंपाउंडर: त्याला दोन ओळी सलग लिहिता येत नाहीत. रिसेप्शनिस्ट: ती पहिल्याच फेरीत हरली. शेजारीण: ती बोलायला लागली की दीडशे शब्दांत नमस्कारही होत नाही. माझ्या गुडघ्यासाठी व्यायाम शिकवणारा मुलगा: हाच! पंचवीस-सव्वीसचा, व्यायामशाळेतला, सगळं जुळतंय.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “घरातलं कुणी नाही ना यादीत?”

“घरात कोण? तू? तुला पाळी लिहायला सांगितली तर लिफ्ट अडकल्याची तक्रार लिहिशील.”

“मी नाही,” म्हणाला, आणि पुढे काकडी चिरत राहिला. याला काही विचारण्यात अर्थ नाही. बाबा सगळा वेळ ताटात बघत होते. कालपासून जेवण कमी झालंय त्यांचं. कवळी टोचते का विचारलं, तर नाही म्हणाले.

२२ मार्च, रविवार, सकाळचे अकरा

सापडलं! त्याचं मर्म सापडलं, आणि तेही आखाड्याच्या आत, इमानाने.

काल आणि आज बसून निवांतच्या सगळ्या लढती पहिल्या अक्षरापासून वाचल्या. डावीकडून कुणी आलं की तो लिहितो, ‘श्वास ऐकला’, ‘पायरी करकरली’. उजवीकडून कुणी आलं की लिहितो, ‘सावली दिसली’, ‘धूळ हलली’. चार लढतींत एकदाही, एकदाही त्याने उजवीकडचं काही ऐकलेलं नाही. नकळत लिहून गेलाय पोरगा. मर्म उजवा कान!

माझ्या दोन पाळ्या आहेत. पहिलीत ठिणगी डावीकडे पिठाचा डबा जिन्यावरून गडगडत सोडते, म्हणजे त्याचा चांगला कान तिकडे गुंतेल. आणि गिरणीतला दिवा विझवते, म्हणजे सावली नाही. दुसरीत उजवीकडून अनवाणी. लिहून ठेवलंय. जेवण झालं की पाठवते. ठिणगी वाचली! आज भात मऊ करते, आनंदात आहे.

त्याच दिवशी, दुपारचे दोन

भात करपला.

बाबांना जेवायला हाक मारायला गेले. ते खिडकीकडे तोंड करून आरामखुर्चीत, मी दारातून, म्हणजे त्यांच्या उजव्या अंगाला. “बाबा, जेवायला.” काही नाही. “बाबा.” काही नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने. नाही. मग मी एक पाऊल आत टाकलं, भिंतीवर माझी सावली पडली आणि ते दचकले.

मांडीवर टॅब्लेट होता. पत्ते नव्हते. आखाड्याचं पान होतं, मी ते झोपेतही ओळखेन. त्यांनी त्यावर वर्तमानपत्र ओढलं, घाईघाईने, चोरून साखर खाताना सापडल्यासारखं.

मी म्हटलं, “जेवायला चला.” ते म्हणाले, “बरं.”

तीस वर्षं तारयंत्र त्यांच्या उजव्या कानाशी टकटकत होतं, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. मी त्या गोष्टीचं काय केलं? काही नाही. बारा वर्षं त्यांच्या ऐकू न येणाऱ्या बाजूने बोलत राहिले आणि उत्तर आलं नाही की त्यांच्या वतीने मीच देत राहिले.

शब्द मोजून लिहिणारा. साडेतीनला उठणारा. कठड्याला लागलेला हात बघणारा. काठी टाकायचं तर मीच शिकवलं होतं, आणि वर ‘असं आपल्याला सुचत नाही’ म्हणून त्यांनाच ऐकवलं.

आता काय करू?

वार मी अकराला लिहिला. समोर कोण आहे ते दोनला कळलं. म्हणजे चोरी नाही, पंचबाईंपुढे शपथेवर सांगेन. पण वार पाठवला तर निवांत पुसला जाईल. सासूबाई गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदा हसतोय. आणि नाही पाठवला तर मुदत संपून ठिणगी जाईल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नवऱ्याला आडून आडून विचारलं, “समोरचा आपल्याला फार आवडायला लागला, तर मुद्दाम हरावं का?”

तो पाने-पकडी पुसत होता. म्हणाला, “मुद्दाम हरलीस म्हणजे त्याची पाळी तूच लिहिलीस की. त्याला काय सोसेल, काय नाही, हे तूच ठरवलंस.” मग म्हणाला, “बाबांना कळेल बघ.” आणि जीभ चावली.

म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं. टॅब्लेटवर आखाडा यानेच उघडून दिला असणार! ताकास तूर लागू दिली नाही. याच्याशी नंतर बोलेन.

सहाला दोन्ही पाळ्या पाठवल्या. एक शब्दही बोथट केला नाही.

२३ मार्च, सोमवार

तीन चाळीस. निवांतची पाळी:

‘डबा गडगडला. तिकडे वळलो. दिवा गेला. उजवीकडून ठिणगी आली असणार. ऐकू आलं नाही. त्या बाजूला बरीच वर्षं शांतता आहे. मर्म. निवांत पडला. डाव खरा. असा वार खायलाही बरं वाटतं.’

मी रडले. भट्टीतलं काढायचं राहिलं. पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडले, आणि त्यातही माझा डाव किती चांगला होता हे मला जाणवत होतं, खोटं कशाला लिहू.

मग जीवदानाची पाळी लिहिली. पहिल्या खेपेला लिहिलं, ‘ठिणगी त्याला हात धरून उठवते.’ खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘ठिणगी सुरे ठेवते. त्याची काठी उचलून त्याच्या हाताजवळ ठेवते. थांबते.’

चार दहाला पाठवलं. उद्या चार दहापर्यंत उत्तर आलं नाही तर निवांत संपला.

संध्याकाळी जेवताना आम्ही समोरासमोर. मला माहीत, त्यांना माहीत, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे का ते मला माहीत नाही. त्यांची पाळी अजून बाकी, बाहेरचं आत जायला नको. दोघांनीही आमटीला मीठ कमी आहे असं म्हटलं.

२४ मार्च, मंगळवार

सकाळपासून काही नाही. बारा, एक, दोन. म्हातारा मानी आहे. सासूबाई गेल्या तेव्हा आलेल्यांपैकी कुणाचाही हात न धरता उभा होता. नको म्हणायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. असं मी स्वतःला वीस वेळा सांगितलं आणि वीस वेळा पटलं नाही.

साडेतीन झाले. पावणेचार. खालून घणघण आवाज यायला लागला, थांबेचना. मी खाली गेले. टॅब्लेटवरचा गजर. बाबा डाव्या कुशीवर गाढ झोपलेले, चांगला कान उशीत, दुसरा वर. गजर बोंबलतोय आणि त्यांना पत्ता नाही.

दारात उभी राहून मी हिशेब लावत बसले. उठवलं तर आखाड्याबाहेरची मदत होते का? मग मनात म्हटलं, अगं बाई, झोपलेल्या माणसाला चहा देणं कुठल्या नियमात बसत नाही? त्याने उठून काय लिहायचं, ते तर त्याच्याच हातात आहे.

चहा केला. पलंगाला वळसा घालून डाव्या अंगाला गेले आणि खांद्याला हात लावला. “बाबा, चहा.”

ते उठून बसले. गजर बंद केला. “किती वाजले?”

“तीन छप्पन्न.”

“चौदा मिनिटं,” म्हणाले. “पुष्कळ झाली.”

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. सतरा पायऱ्या एका दमात चढले, गुडघा काय म्हणत होता ते ऐकलं नाही. पडद्यासमोर बसले. चार. चार पाच. माझ्या हातातला मेणाचा गोळा पार पाघळला.

चार आठला आलं.

‘निवांत हात फिरवतो. काठी सापडते. कुणी ठेवली, विचारतो. उत्तर ऐकू येत नाही. डाव्या बाजूला येऊन सांगावं. तोवर उठतो. वेळ लागेल. ठिणगीने थांबावं.’

थांबले की. कधी नव्हे ती थांबले.

पंचबाईंनी निकाल लावला: ठिणगी विजयी, निवांत पटावर कायम. खाली कुणी कुणी शाबासक्या लिहिल्या. त्या मी अजून वाचल्या नाहीत.

सहाला नवरा घरी आला. हात धुता धुता मोठ्याने विचारलं, “काय मग, काय झालं शेवटी?” प्रश्न मला होता. मी तोंड उघडलं. बाबा टेबलाशी बसले होते, कवळी घालून. मी तोंड मिटलं आणि त्यांच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून बसले.

नळ चालूच होता.

मग बाबा म्हणाले, “मी हरलो. हिने हरवलं. सांगतो.”

आणि सांगितलं. पाऊण तास. काठी म्हणून लाटणं घेतलं, गिरणीचा जिना म्हणून टेबलाची कड. माझी पहिली उडी त्यांनी उभं राहून करून दाखवली. दोन वर्षांत या घरात ते जेवढं बोलले नाहीत तेवढं आज बोलले. दोन ठिकाणी त्यांनी चुकीचं सांगितलं, त्यातलं एक म्हणजे डबा मी आधी सोडला होता आणि दिवा नंतर विझवला. मी काही बोलले नाही. एकदाच बोलले. तेव्हा त्यांनी लाटणं माझ्याकडे रोखून म्हटलं, “थांब. माझी पाळी आहे.”